मोठ्या मॅडमचा पहिला पावसाळा

पहाटे पावणेसहा

बातमी आशाताईकडून गटप्रवर्तकाकडे, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मग तालुक्याच्या मॅडमकडे आली. एका पाड्यावर रात्रीपासून जुलाब-उलट्या. नऊ जण आजारी, त्यात दोन लेकरं. मॅडमनी चालकाला उठवलं आणि विश्रामगृहावर मला फोन केला. "सर, मी पाड्यावर निघते. येताय ना?"

मी निवृत्त जिल्हा आरोग्य अधिकारी. नव्याने पदावर आलेल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांबरोबर अधूनमधून एखादा दिवस काढतो. त्यांच्या जीपमध्ये मागे बसतो. विचारलं तर बोलतो, कधी न विचारताही बोलतो. याला कुठल्या शासन निर्णयाचा आधार नाही. जिल्ह्यातल्या एका वरिष्ठाला गरज वाटली, त्याने शब्द टाकला आणि मी हो म्हटलं.

"पाड्यावर आत्ता कोण आहे?" मी विचारलं.

"केंद्राचे वैद्यकीय अधिकारी पोहोचलेत. सिस्टर आहेत, आशाताई आहेत."

"मग तुम्ही गेल्यावर सलाईन कोण लावेल?"

फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. "मीच लावेन बहुतेक," त्या म्हणाल्या. "सवय आहे."

सवय आहेच. घाटाखालच्या केंद्रात त्यांनी काही वर्षं काढली. रात्री-अपरात्री बाळंतपणं केली, फुरसं चावलेले रुग्ण वाचवले. म्हणूनच तर त्यांना तालुक्याचा पदभार मिळाला. पण ज्या गुणांवर माणूस या खुर्चीत येतो ते गुण खुर्चीत बसल्यावर पुरत नाहीत, हे त्याला कोणी आधी सांगत नाही. काल समोर एक रुग्ण होता आणि हात चालत होते. आज समोर नसलेली लाखभर माणसं सांभाळायची आणि हात दुसऱ्यांचे चालवायचे. या दोन कामांमधलं अंतर कोणत्याही बढतीच्या आदेशात लिहिलेलं नसतं.

त्या लगेच निघाल्या नाहीत. अर्धा तास बसून फोन केले. औषध भांडारातून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या पाठवायला सांगितल्या. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी शौचाचे नमुने कॅरी-ब्लेअर माध्यमात घ्यायचे, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना आठवण करून दिलं; घाईत हेच राहतं आणि मग साथ कशाची होती ते कधीच कळत नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना दोन खाटा मोकळ्या ठेवायची विनंती केली. गटविकास अधिकाऱ्यांना झोपेतून उठवून सांगितलं, "सर, ग्रामसेवक साडेअकराला विहिरीवर हवेत." साथरोग सर्वेक्षणाच्या पोर्टलवर नोंद टाकायला लावली.

यातलं एकही काम वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेलं नाही. आणि त्या दिवशी पाड्यावरच्या माणसांसाठी त्यांनी केलेलं सर्वांत मोठं काम हेच होतं.

सव्वाआठ

पाड्याच्या वाटेवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र. मॅडमनी आधी लसीचा फ्रिज, म्हणजे आयएलआर पाहिला. वर लटकवलेल्या नोंदवहीत तापमान रोज सकाळ-संध्याकाळ लिहायचं असतं, दोन ते आठ अंशांच्या मध्ये. वहीत पूर्ण महिना सकाळी चार, संध्याकाळी चार. एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात. शेजारी तापमान आपोआप नोंदवणारा ई-विनचा लॉगर होता. त्याचा आलेख सांगत होता की गेल्या आठवड्यात वीज गेली त्या रात्री पारा नऊच्या वर गेला होता.

खोलीत औषध निर्माण अधिकारी, आरोग्य सहाय्यिका आणि दारात शिपाई. सगळ्यांना दिसलं की मॅडमना दिसलंय. अशा क्षणी बहुतेक अधिकारी आवाज चढवतात. मी स्वतः वरिष्ठांना असंच पाहत वाढलो. त्या आवाजाचा परिणामही मला माहीत आहे: पुढच्या महिन्यात वहीत चारच्या ऐवजी कधी तीन, कधी पाच लिहिलेलं सापडतं.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि आरोग्य सहाय्यिकेला शेजारी बसवलं. "ताई, आत्ताचं तापमान आपण दोघी मिळून बघू." साडेपाच होतं. साडेपाच लिहिलं. मग त्यांनी विचारलं, "त्या रात्री वीज गेली तेव्हा काय केलंत?"

आणि उत्तर बाहेर आलं. बाईंनी मध्यरात्री घरून येऊन लसी शीतपेटीत, बर्फाच्या पॅकमध्ये हलवल्या होत्या. पहाटे पुन्हा जागेवर ठेवल्या होत्या. काम चोख झालं होतं, नोंद मात्र चारचीच झाली होती, कारण मागे एकदा खरा आकडा लिहिला तेव्हा त्यांनाच नोटीस आली होती.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. आरोग्य खात्याचा सगळा डोलारा खालून येणाऱ्या आकड्यांवर उभा आहे. कुपोषित मुलं किती, जोखमीच्या गरोदर माता किती, तापाचे रुग्ण किती, हे सगळं उपकेंद्रातल्या एका बाईच्या पेनातून येतं. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे, सपाटीवर पाच हजारांमागे. त्या बाईला खरं लिहायची भीती वाटली की जिल्ह्याची बैठक, राज्याची बैठक, सगळी कल्पनेवर चालते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगडातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून जे दिसलं ते तसंच टिपून ठेवलं. माणसं का दगावतात ते त्या टिपणांतून कळलं, पुढे प्राझोसिनचा उपचार उभा राहिला आणि 'लॅन्सेट'ने तो जगापुढे नेला. सरकारी केंद्रात खऱ्या नोंदीची ताकद एवढी असते.

मॅडमनी वहीवर शेरा लिहिला: वीज खंडित झाल्याच्या रात्री आरोग्य सहाय्यिकेने लसी वेळेत हलवल्या, काम उत्तम. सही केली, तारीख टाकली. जनरेटरच्या दुरुस्तीचं पत्र तिथेच बसून तयार करायला लावलं. लसींवरचे व्हीव्हीएम, म्हणजे उष्णता लागली का ते दाखवणाऱ्या खुणा, एकेक करून तपासले. जीपमध्ये बसल्यावर मला म्हणाल्या, "सर, खरं सांगू? आत जाताना ओरडायचंच ठरवलं होतं."

"मग?"

"तुम्ही मागे उभे होतात."

कोणी तरी पाहतंय म्हणून नव्हे, कोणी तरी आपल्या बाजूचं आहे म्हणून माणूस क्षणभर थांबतो. नेतृत्व विकासाच्या नावाखाली जे काही चालतं त्यात या एका क्षणाची सोय असावी, एवढंच माझं मागणं आहे.

दहा ते अकरा

जिल्ह्याची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक. मोबाईल खिडकीला टेकवून, नेटवर्क येईल तिथे जीप उभी करून. तालुक्यांची क्रमवारी, लाल-हिरव्या रकान्यांचा तक्ता. मॅडमचा तालुका दोन रकान्यांत लाल. त्यांनी साथीची माहिती दिली, काय केलं ते सांगितलं, काय हवं ते मागितलं. यावर लिहिण्यासारखं फार नाही.

साडेअकरा

पाडा डोंगराच्या पोटात. समाजमंदिरात सतरंज्या टाकून रुग्णांना ठेवलं होतं, छताच्या वाशांना सलाईन बांधलेल्या. एका म्हाताऱ्या बाबांना एकशे दोनच्या गाडीने ग्रामीण रुग्णालयात पाठवून झालं होतं. लेकरं ओआरएस पीत होती. मॅडम प्रत्येकाजवळ बसल्या, पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, आयांना सांगितलं की जुलाब थांबले तरी झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "छान सांभाळलंत." मग बाहेर पडल्या, कारण त्यांचं काम बाहेर होतं.

विहिरीवर सरपंच, ग्रामसेवक, आरोग्य सेवक आणि निम्मा पाडा. विहिरीला कठडा नाही. वरच्या उतारावरून पावसाचं पाणी थेट आत. आरोग्य सेवकाने ओटी टेस्ट केली. नळीत थेंब टाकले, पाणी पिवळं पडायला हवं होतं, ते स्वच्छच राहिलं. म्हणजे क्लोरीन शून्य.

"पावडर टाकतो आम्ही," ग्रामसेवक म्हणाले. खरंच टाकत होते. पोतं दाखवलं. गेल्या वर्षीचं, तोंड उघडं, ओल धरलेलं. ब्लीचिंग पावडरमधला क्लोरीन असा उघड्यावर उडून जातो. मग उरते ती नुसती पांढरी भुकटी. चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, तासाभराने पाणी पिता येतं. या पोत्यातली ओंजळभर टाकली तरी उपयोग नव्हता.

आता इथे अधिकारी म्हणून मॅडमच्या हातात काय आहे ते वाचकांनी नीट समजून घ्यावं. ग्रामसेवक त्यांच्या हाताखाली नाही, तो गटविकास अधिकाऱ्यांच्या. कठडा बांधायचा तर पैसा ग्रामपंचायतीचा. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची. म्हाताऱ्या बाबांना जिथे पाठवलं ते ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, तर प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. १९६१चा जिल्हा परिषद कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला, तेव्हापासून ग्रामीण आरोग्याचा मोठा भाग लोकप्रतिनिधींच्या संस्थेकडे आहे, आणि मला ते योग्यच वाटतं. पण त्याचा अर्थ असा की तालुक्याच्या आरोग्याची जबाबदारी जिच्या शिरावर, तिचा हुकूम विहिरीच्या काठावर संपतो. पुढे चालते ती ओळख, शब्दाची पत आणि माणसाला बरोबर घेण्याची हातोटी.

मॅडमनी सरपंचबाईंना बाजूला घेतलं. "ताई, माझ्याकडे आत्ता केंद्रातली ताजी पावडर आहे, ती आजच टाकू. पण पुढच्या पंधरवड्याची तुम्ही आणायची. आणि लाल कार्ड मिळालं तर गावाचं नाव खराब होईल, त्याआधी कठड्याचा ठराव घेता का?" पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणात आपल्याकडे ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात. सरपंचबाई म्हणाल्या, "ठराव घेते. पण डॉक्टरीणबाई, ग्रामसभेला तुम्ही यायचं. मी एकटी बोलले तर बाप्ये ऐकत नाहीत."

मॅडमनी तिथल्या तिथे दैनंदिनीत तारीख लिहिली. ग्रामसेवकाला सगळ्यांसमोर एक शब्दही बोलल्या नाहीत. ताजी पावडर टाकल्यावर तासाभराने, निघताना, त्याला आरोग्य सेवकाबरोबर उभं करून ओटी टेस्ट स्वतःच्या हाताने करायला लावली. पाणी पिवळं झालं तेव्हा तोच ते लोकांना दाखवत होता.

दोन

डबा जीपमध्येच. नाचणीची भाकरी आणि करटुल्याची भाजी, आशाताईंनी दिलेली. खाताना मॅडमनी विचारलं, "सर, हे सगळं शिकायचं कुठे?"

प्रश्न जुना आहे. १९४६ साली भोर समितीने सांगितलं होतं की भारताला सामाजिक दृष्टी असलेला डॉक्टर हवा. त्यानंतर संस्था उभ्या राहिल्या. नागपूरला सार्वजनिक आरोग्य संस्था आहे, विभागवार आरोग्य व कुटुंब कल्याण प्रशिक्षण केंद्रं आहेत, पुण्याला यशदा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्थेत जिल्हा पातळीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापनाचा दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम चालत आला. यातून पुष्कळ चांगलं घडलं आहे. तरी वर्गात शिकलेलं आणि विहिरीच्या काठावर लागणारं यांच्यात एक फट राहते. आपल्याकडे कार्यक्रमांची प्रशिक्षणं भरपूर: क्षयरोग, लसीकरण, हिवताप, नवजात बालक. माणसं कशी सांभाळायची याला मात्र एखादं दुपारचं सत्र, तेही जेवणानंतर.

तमिळनाडूने वेगळी वाट धरली. मद्रास प्रांताने १९३९ मध्येच सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला आणि तिथे सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र संचालनालय व स्वतंत्र संवर्ग टिकून राहिला. तिथला अधिकारी सार्वजनिक आरोग्याची पदविका घेऊन त्याच वाटेने वर चढतो, वरिष्ठांच्या हाताखाली तयार होत जातो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सगळ्या राज्यांनी असा संवर्ग उभारावा असं सुचवलं, २०२२ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वंही काढली.

आणखी एक नमुना मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत १९५१ मध्ये साथरोग शोधणाऱ्या डॉक्टरांची एक तुकडी सुरू झाली. दोन वर्षं प्रत्यक्ष साथीत काम करायचं आणि प्रत्येकाच्या पाठीशी एक अनुभवी मार्गदर्शक. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१ पासून याच पद्धतीचं प्रशिक्षण दिलं, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. साथ शोधायला ही पद्धत चालते, तर तालुका चालवायला का चालू नये? पदभार दिल्यावर पहिली दोन वर्षं प्रत्येक तालुका आरोग्य अधिकाऱ्याला एक अनुभवी माणूस नेमून द्यावा. त्याने गोपनीय अहवाल लिहायचा नाही, त्याच्याकडे नोटिशीचा अधिकार नसावा. त्याच्यापुढे माणसाला "मला हे जमत नाहीये" असं म्हणता आलं पाहिजे. राज्याला यासाठी इमारत बांधावी लागत नाही.

मॅडम ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आज चारच्या बैठकीची मला भीती वाटतेय."

चार

ती बैठक माता मृत्यू अन्वेषणाची. गेल्या महिन्यात तालुक्यातली एक बाळंतीण गेली. तिसरं मूल, घरी बाळंतपण, नंतर रक्तस्राव. तालुका कार्यालयाच्या लांबट खोलीत आशाताई, शेजारच्या केंद्राच्या आशा, आरोग्य सेविका, केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, एकशे आठ रुग्णवाहिकेचा प्रतिनिधी, ग्रामीण रुग्णालयातून एक डॉक्टर. आरोग्य सेविकेच्या हातातला रुमाल ओला होता. आशाताईंनी नोंदींची पिशवी छातीशी धरली होती.

अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की हे दोषारोपासाठी नाही. पण कागद एक सांगतो आणि खोलीतली हवा दुसरंच. हवा बदलते ती अध्यक्षाच्या पहिल्या वाक्याने. रस्त्यात आम्ही त्याच एका वाक्यावर बोललो होतो.

मॅडम म्हणाल्या, "ती आपली होती. तिचं काय झालं ते आधी आशाताई सांगतील, मध्ये कोणी बोलणार नाही."

आशाताईंनी सांगितलं. दुपारपासून कळा येत होत्या, पण सासू म्हणाली मागचे दोन घरीच झाले. दिवस मावळता रक्त थांबेना तेव्हा फोन केला. गाडी निघाली, पण ओढ्याच्या फरशीवरून पाणी चाललं होतं. चौघांनी तिला झोळीत घेऊन ओढा वरच्या अंगाने ओलांडला. रुग्णालयात पोहोचली तेव्हा रक्त द्यायला लागणार होतं, ते जिल्ह्याहून यायचं होतं.

वैद्यकशास्त्रात याला तीन विलंब म्हणतात: निर्णयाला, पोहोचायला आणि उपचार मिळायला झालेला उशीर. या बाईच्या वाट्याला तिन्ही आले. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सुरुवातीला खांदे ताठ ठेवले होते. आपल्यावर काही येत नाही हे कळल्यावर तेच म्हणाले, "रक्ताची मागणी मी फोन येताच करायला हवी होती, पेशंट समोर येईपर्यंत थांबायला नको होतं. आता तसंच करू." आरोग्य सेविका प्रथमच बोलली: तिच्या नोंदीत हिमोग्लोबिन कमी होतं, तिने लाल शाईने खूण केली होती, पण पावसाळ्याआधी तिला हलवायला हवं हे ठरवणारं कोणी नव्हतं.

तिथे नेमकं सापडलं. आदिवासी भागात माहेरघर आहे. दिवस भरत आलेल्या बाईने नातेवाइकासह केंद्रात आधीच येऊन राहायचं. योजना होती, खोली होती, पण ओढ्यापलीकडच्या बायका कोण आणि त्यांना कधी आणायचं, ही यादीच कोणी केली नव्हती. मॅडमनी फळ्यावर तालुक्यातले ओढे काढले. आशाताईंना खडू दिला. आशाताईंनी एकेका पाड्याचं नाव लिहीत आठव्या-नवव्या महिन्यातल्या बायका सांगितल्या. त्यांचं ऐकून शेजारच्या केंद्राच्या आशा उठल्या. सासवांशी कोण बोलणार, घरच्या शेळ्या कोण बघणार, हेही ठरलं. शेळ्या बघायला कोणी नसेल तर बाई येत नाही, हे बायकांनाच माहीत असतं.

बैठक दीड तास चालली. मी एक शब्दही बोललो नाही.

साडेसहा

फायली. रजेचे अर्ज, कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या मुदतवाढी, वाहनाच्या डिझेलची बिलं. एका फाईलमध्ये त्याच आरोग्य सेविकेच्या कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा होता, वरून आलेल्या तोंडी सूचनेवरून कार्यालयाने तयार केलेला. मॅडमनी तो बाजूला ठेवून त्याऐवजी अन्वेषणाचा अहवाल आणि ओढ्यांच्या यादीचा तक्ता जोडला. टिपणी स्वतः लिहिली: सदर कर्मचारी यांनी जोखमीची नोंद वेळेत केलेली आहे. सही करताना त्यांचा हात थबकला. "वरून विचारलं तर?"

"तर हे कागद दाखवायचे. आणि विचारण्याआधी तुम्हीच फोन करायचा."

त्यांनी जिल्ह्याला फोन केला. बोलणं सोपं झालं नाही, पण झालं. फोन ठेवल्यावर त्या खिडकीशी गेल्या आणि रडल्या. गेलेली बाई त्यांच्याच वयाची होती. मी पाणी दिलं आणि बसून राहिलो. डॉक्टरला कोसळण्याची परवानगी आपली व्यवस्था देत नाही. अधिकाऱ्याला तर मुळीच नाही. पुढच्या सकाळी पुन्हा तक्ता, पुन्हा लाल रकाना. असे कितीतरी चांगले लोक मी थिजून गेलेले पाहिले आहेत: नोकरीत राहिले, पण आतून निघून गेले. त्यांना कोणी वेळेवर विचारलं असतं तर!

साडेआठ

पाड्यावरून वैद्यकीय अधिकाऱ्यांचा फोन. सहानंतर नवा रुग्ण नाही, बाबांची लघवी सुरू झाली, नमुने जिल्हा प्रयोगशाळेकडे निघाले. मॅडमनी त्यांना घरी जाऊन झोपायला सांगितलं. रात्रीसाठी दुसऱ्या केंद्रातले डॉक्टर पाठवले होते, ते पोहोचल्याची खात्री केली.

मग त्यांनी नकाशा उघडला. पाड्यावरचा ओढा शेजारच्या तालुक्यातून येतो. तिथले तालुका आरोग्य अधिकारी मॅडमहूनही नवे, जून महिन्यातच रुजू झालेले. मॅडमनी त्यांना फोन लावला. इकडचं सगळं सांगितलं, मग विचारलं, "सर, तुमच्याकडे वरच्या वाडीत कोणी आजारी आहे का? बघायला माणूस कमी असेल तर माझा आरोग्य सेवक आणि ओटीचं किट घेऊन सकाळी मीच येते. आणि तुमच्या ग्रामसेवकांशी बोलायचं असेल तर आपण दोघं मिळून बोलू."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. मॅडम मधूनच "हो", "मलाही तसंच झालं होतं" म्हणत होत्या. सात वाजता फरशीपाशी भेटायचं ठरलं. त्यांनी चालकाला डिझेल बघून ठेवायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "सर, उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल."